दमट घरातली ॲलर्जीची सफाई: आधी ओल, मग अंथरूण, लादी सगळ्यात शेवटी

जुलैमध्ये घरातलं कुणी सकाळी उठल्या उठल्या दहा-पंधरा शिंका द्यायला लागलं की येत्या रविवारी घर काढलं जातं. आधी केरसुणीने खराखरा झाडायचं, मग बादलीत फिनेल ओतून लादी पुसायची, पंखा पाचावर आणि खिडक्या सताड उघड्या. घर लख्ख दिसतं, छान वास येतो, आणि रात्री त्याच माणसाचं नाक पुन्हा चोंदतं.

आमच्याकडे तीन पावसाळे असेच गेले. मुलाला दम्याचा त्रास, त्यामुळे मी दर आठवड्याला जास्तच जोर लावून घर धुवायचे. चौथ्या वर्षी लक्षात आलं की मेहनत भरपूर होती, पण क्रम उलटा होता. झाडण्याने खाली बसलेली धूळ हवेत जायची आणि पुसण्याने खोलीत आणखी पाणी यायचं. खरा साठा होता गादीत, आणि गादीला मी हातही लावत नव्हते.

पुढचं सगळं किनारपट्टीच्या हवेसाठी आहे: मुंबई, ठाणे, पालघर, कोकण, गोवा. सोलापूर-नगरकडच्या कोरड्या घरात यातलं निम्मं करायची गरज पडत नाही.

नक्की काय काढायचंय

चार गोष्टी. पहिली, धुळीतले माइट नावाचे किडे. लांबी मिलिमीटरच्या पाव-तृतीयांश भागाएवढी, त्यामुळे डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्या अंगावरून गळणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर जगतात आणि पाणी पीत नाहीत, हवेतली ओल शोषून घेतात. म्हणून हवेतली आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली की सुकून मरतात. जुलैत आपल्याकडे बाहेर बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते, म्हणजे त्यांची चंगळ. त्रास मुख्यतः त्यांच्या विष्ठेने होतो, त्यामुळे किडा मेला तरी ॲलर्जी जागेवरच राहते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

दुसरी, बुरशी, चपलांवर, पट्ट्यांवर, भिंतीवर धरतो तो बुरा. तिसरी, झुरळांची विष्ठा आणि त्यांच्या अंगाचा चुरा. चौथी, मांजर-कुत्र्याच्या अंगावरचा कोंडा आणि लाळ. तुमच्या माणसाला यातलं नेमकं काय बाधतं हे त्वचेवरच्या चाचणीत किंवा रक्ततपासणीत कळतं. शक्य असेल तर आधी ती करून घ्या, अर्धी मेहनत वाचेल.

सावधान: सफाई सुरू केली म्हणून इनहेलर किंवा डॉक्टरांनी दिलेली औषधं आपल्या मनाने बंद करू नका. आणि ज्याला त्रास आहे त्याने सफाई करायची नाही. त्या दिवशी त्याला शेजारी, आत्याकडे, कुठेही पाठवा, आणि काम संपल्यावर निदान दोन तास घरी आणू नका.

तयारी: आदल्या दिवशी

सामान फार लागत नाही. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, सुती किंवा मायक्रोफायबरची सात-आठ फडकी, दोन बादल्या, भांड्यांचा साधा द्रव साबण, जाड प्लास्टिकच्या पिशव्या, आणि आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल यंत्र. हे यंत्र काही शे रुपयांत मिळतं आणि या सगळ्या यादीत पैसे वसूल करणारी वस्तू तीच. त्याच्याशिवाय तुम्ही अंदाजाने काम करता, आणि दमट हवेत आपल्या अंगाचा अंदाज चुकतो, कारण आपल्याला तिची सवय झालेली असते.

तपासणी: यंत्र बरोबर आहे का हे घरच्या घरी कळतं. बाटलीच्या बुचात मीठ घ्या, त्यात थेंबभर पाणी घालून चिखलासारखं करा; विरघळेल इतकं पाणी नको. ते बूच आणि यंत्र एका हवाबंद डब्यात किंवा झिपच्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ च्या आसपास आकडा दिसायला हवा. ८० दाखवत असेल तर यापुढे प्रत्येक आकड्यातून ५ वजा करा.

यंत्र खिडकीजवळ किंवा एसीखाली ठेवू नका. पलंगाच्या उशाशी, गादीच्या उंचीवर ठेवा.

दिवस कोणता निवडायचा? मोठी सफाई मुसळधार पावसात करू नका. मे महिन्यात आगोटीची तयारी करताना एकदा, श्रावणातल्या उघडिपीत एकदा आणि ऑक्टोबरच्या उन्हात एकदा, एवढ्या तीन पुरतात. बाकी आठवड्याचं हलकं काम असतं.

टप्पा १: ओल कुठून येते ते शोधा

फडकं हातात घेण्याआधी घरभर फिरा. बाहेरच्या भिंतींना टेकलेल्या कपाटांच्या मागे, बॉक्स बेडच्या आत, सिंकखालच्या प्लायवर, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर, खिडकीच्या चौकटीखाली. हात लावून पाहा, वास घ्या. कुबट वास येतो तिथे बुरा आहे, दिसला नाही तरी.

भिंत ओली असेल तर पाणी भिंतीतून येतंय की खोलीतल्या हवेतून, हे आधी ठरवा. फूटभर चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय: बाहेरची तडा गेलेली भिंत, वरच्या मजल्यावरची पाइप, गच्ची. पुढच्या बाजूला, म्हणजे खोलीकडे थेंब आले तर खोलीतली हवाच ओली आहे.

पहिल्या प्रकारात कितीही पुसा, बुरा पंधरा दिवसांत परत येणार. तिथे प्लंबर किंवा वॉटरप्रूफिंगवाला हवा, आणि सोसायटीशी भांडायची तयारी. आमच्याकडे एका रंगाऱ्याने ऐन ऑगस्टमध्ये ओल्या भिंतीवर "बुरशी येणारच नाही" म्हणून रंग मारून दिला. गणपती विसर्जन व्हायच्या आत पोपडे निघाले. तेव्हापासून पावसाळ्यात भिंतीला रंग लावायचा विषय आमच्या घरात निघत नाही.

कपाटं भिंतीपासून चार बोटं तरी पुढे ओढा. मागून हवा फिरली पाहिजे. आठ बाय दहाच्या खोलीत चार बोटंसुद्धा जड जातात, मला ठाऊक आहे, पण बाहेरच्या भिंतीचं कपाट तरी सरकवाच.

टप्पा २: हवा कोरडी करा

उद्दिष्ट सोपं ठेवा. निजायच्या खोलीत आर्द्रता ६० च्या खाली आणा, जमलं तर ५० कडे. अख्खं घर कोरडं करायच्या भानगडीत पडू नका, वीजबिल पाहून चौथ्या दिवशी सोडून द्याल. माणूस सात-आठ तास नाक गादीला लावून झोपतो ती एक खोली धरा.

घरात पाणी कोण सोडतं ते आधी बघा. मी एकदा मशीनमधून पिळून निघालेले कपडे सामान तोलायच्या काट्यावर मोजले आणि हॉलमधल्या दोरीवर वाळल्यावर परत मोजले. जवळजवळ दोन किलोचा फरक. म्हणजे दोन लिटर पाणी आम्ही रोज हॉलच्या हवेत ओतत होतो, आणि तिथून ते निजायच्या खोलीत. कपडे बाल्कनीत वाळत घाला. ते शक्य नसेल तर एका खोलीत घाला, तिचं दार बंद ठेवा, पंखा लावा आणि त्या खोलीची खिडकी उघडी ठेवा. निजायच्या खोलीत ओला टॉवेलसुद्धा नको.

भात शिजताना, आंघोळ झाल्यावर एक्झॉस्ट पंखा पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा. बाथरूमचं दार त्या वेळी बंद हवं, नाहीतर वाफ घरात फिरते.

खिडक्या कधी उघडायच्या? दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान हवा त्या दिवसापुरती सगळ्यात कोरडी असते. "सकाळची ताजी हवा" म्हणून पहाटे सहाला खिडक्या उघडणं ही पावसाळ्यातली मोठी चूक, कारण तेव्हा बाहेरची आर्द्रता शंभराच्या जवळ असते. रात्री एसी लावत असाल तर ही चूक आणखी महागात पडते. खोली, भिंती, गादी २३-२४ अंशांपर्यंत गार झालेल्या असतात. बाहेरची जुलैची हवा इतकी ओली असते की त्याच तापमानाला तिच्यातलं पाणी थेंब होऊन बसू लागतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो, तसा तुमच्या गादीला येतो. एसी बंद केल्यावर अर्धा तास पंखा चालू ठेवा, खोली कोमट होऊ द्या, मग खिडकी उघडा.

एसीला "ड्राय"चं बटण असतं, पावसाळ्यात ते वापरा. जाळी दर पंधरा दिवसांनी काढून धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका. ओली जाळी बसवली की एसीच बुरशीचं घर होतो. हवेतलं पाणी ओढणारं वेगळं यंत्र घेतलंत तर दार-खिडक्या बंद करून चालवा. उघड्या खिडकीत ते अरबी समुद्र सुकवत बसतं.

कपाटात ठेवायचे ओल शोषणारे डबे बंद कपाटातच उपयोगी, खोलीत ठेवून काही होत नाही. डांबराच्या गोळ्या बुरशीवर काम करत नाहीत. त्यांचा वास दमेकऱ्याला त्रास देतो आणि काही तान्ह्या बाळांमध्ये, ज्यांच्या रक्तात एका विशिष्ट एन्झाइमची जन्मतः कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो. बाळाच्या दुपट्यांत त्या कधीच ठेवू नका. धूप, लोबान, मच्छर अगरबत्तीचा धूरही याच यादीत.

तपासणी: पुढच्या टप्प्याला जाण्याआधी तीन दिवस सकाळ-दुपार-रात्र आकडा लिहून ठेवा. रात्रीचा आकडा ७० च्या वरच असेल तर गादी स्वच्छ करूनही महिन्याभरात किडे परत वाढतील.

टप्पा ३: अंथरूण-पांघरूण

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दिवसभरात फक्त एकच टप्पा होणार असेल तर तो हाच करा, लादी राहू द्या.

आधी कापडं. चादरी, अभ्रे, गोधड्या, दुलईची खोळ. गार पाण्यात धुतल्याने विष्ठा बरीचशी निघून जाते, पण किडे कापडाला घट्ट धरून जिवंत राहतात. त्यांना मारायला पाणी ५५ ते ६० अंश गरम हवं. पुढून दार असलेल्या मशीनमध्ये ६० चं बटण असतं. ते नसेल तर बादलीत करा: आधी एक भाग नळाचं पाणी, त्यावर दोन भाग उकळतं. कपडे बुडवल्यावर ते साठीच्या आसपास येतं. काठीने दाबून अर्धा तास झाकून ठेवा, मग नेहमीसारखं साबणाने धुवा. गीझरचं पाणी हाताला चटका देतं म्हणून पुरेसं गरम असेल असं धरू नका. बादलीत पडून कपड्यांत मुरेपर्यंत ते बरंच खाली येतं.

सावधान: उकळतं पाणी नेहमी गार पाण्यावर ओता, आणि बादली बाथरूमच्या कोपऱ्यात, मुलांच्या वाटेत नको. भडक रंगाच्या चादरी उतरतील. त्या खोलीसाठी पांढऱ्या-फिकट सुती चादरीच ठेवा.

ज्याला गरम पाणी चालत नाही, म्हणजे लोकरीच्या शाली, मऊ खेळणी, ते कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये पूर्ण दोन दिवस. फ्रीजर उणे १८ अंशांना चालायला हवा. फ्रिजमधला बर्फाचा छोटा कप्पा बहुतेकदा तितका गार नसतो. बाहेर काढल्यावर गार पाण्यात धुवा, कारण (पहिल्यांदा लागलं ते वाक्य) किडा मेला तरी ॲलर्जी जागेवर असते. खेळणी मात्र आधी कमी करा. माझ्या मुलाच्या पलंगावर नऊ होती. आता एक आहे, आणि ते महिन्यातून दोन दिवस "हिमालयात जातं."

धुतलेलं पूर्ण वाळलं पाहिजे. पावसाळ्यात अभ्रा हाताला सुका लागतो, पण शिवणीत ओल असते. शिवणींवरून गरम इस्त्री फिरवा. तेवढ्याने ओल जाते आणि उरलेसुरले किडेही मरतात.

आता गादी. कापसाची असो की फोमची, ऊन हेच तिचं औषध. ऊन दाखवायचा क्रम असा: दुपारच्या कडक उन्हात प्रत्येक बाजू दोन-तीन तास, उलटसुलट. मग उन्हातच, घरापासून लांब, काठीने बडवायची. मग ब्रशने झाडायची. मग सावलीत थंड होऊ द्यायची, आणि मगच घरात. बहुतेक घरी ऊन दाखवून गादी तशीच आत येते. किडे मेलेले असतात, विष्ठा तितकीच असते (हे दुसऱ्यांदा), आणि गरम गादी ओल्या खोलीत ठेवली की पुन्हा ओल धरते. बाल्कनीच्या कठड्यावर बडवू नका. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळवणावर ती धूळ जाते आणि अर्धी आपल्याच खिडकीतून परत येते. गच्चीवर न्या.

फोमची जाड गादी गच्चीवर नेता येत नसेल तर चांगल्या गाळणीचा व्हॅक्यूम क्लीनर हळूहळू, एका भागावरून तीन-चार वेळा फिरवा. साधा व्हॅक्यूम बारीक धूळ मागून परत हवेत सोडतो. व्हॅक्यूमने जिवंत किडे फारसे निघत नाहीत, वरची धूळ निघते, तेवढीच अपेक्षा ठेवा.

गादी खात्रीने कोरडी झाली की मगच चेन असलेलं, दाट विणीचं कापडी कव्हर घाला. सगळीकडून बंद, गादीला आणि उशीलाही. इथे दोन चुका हमखास होतात. एक, ओल्या गादीवर कव्हर घालणं. आतल्या आत बुरा धरतो आणि वर्षभर कळत नाही. दोन, रेक्झिनचं कव्हर घेणं. पाठीला घाम येतो, घाम कव्हरवर साचतो, आणि मूल रात्रीतून चादर ढकलून देतं. आणखी एक: फक्त कव्हर घालून बाकी काही केलं नाही तर फरक फारसा पडत नाही. दुकानदार हे सांगत नाही.

उशी जुनी, गोळे झालेली, पिवळी पडलेली असेल तर टाकून द्या. आजीची सावरीची उशी असेल तर भावना समजू शकते, पण आतली सावरी तरी नवी भरून घ्या.

रोजचा नियम: उठल्याबरोबर अंथरूण आवरू नका. आपल्याकडे उठलं की घडी घालणं हे शिस्तीचं लक्षण, पण रात्रभराचा घाम त्या घडीत बंद होतो. पांघरूण मागे सारून तासभर पंखा चालू ठेवा. जमिनीवर गादी घालत असाल तर सकाळी ती भिंतीला टेकून उभी करा. एकावर एक रचून वर चादर झाकू नका. बॉक्स बेडमध्ये ठेवलेल्या जास्तीच्या गाद्या पाहुण्यांसाठी नसतात, किड्यांसाठी असतात. काढा.

टप्पा ४: बुरशी

मुख्य चूक: कोरड्या ब्रशने किंवा केरसुणीने भिंतीवरचा बुरा खरवडणं. तेवढ्याने लाखो बीजाणू खोलीत उडतात. आधी ओलं करा, मग काढा.

मास्क, हातमोजे. खोलीचं दार बंद, खिडकी उघडी, पंखा बंद. साबणाचं पाणी हलकेच फवारा, पाच मिनिटं थांबा. फडक्याने एकाच दिशेने पुसा, घडी बदलून पुढे, घासायचं नाही. वापरलेलं फडकं तिथल्या तिथे पिशवीत टाकून गाठ मारा. मग साध्या पाण्याच्या घट्ट पिळलेल्या फडक्याने एकदा, कोरड्याने एकदा, आणि आता पंखा लावून भिंत वाळवा.

टाइल्स, सिरॅमिक, मशीनच्या दाराचं रबर, फ्रिजचं रबर अशा गुळगुळीत जागी ब्लीच चालतं: चार लिटर पाण्यात एक मोठी वाटी, म्हणजे साधारण २०० ते २४० मिली. दहा मिनिटं ठेवून धुवा, पुसून कोरडं करा. रंगवलेल्या भिंतीवर, लाकडावर, प्लायवर ब्लीचचा उपयोग कमी. डाग पांढरा होतो, मुळं आत राहतात, आणि आपण फसतो. फुगलेला प्लाय बदलावाच लागतो.

सावधान: ब्लीचमध्ये संडास धुवायचं ॲसिड, व्हिनेगर किंवा अमोनिया असलेला काच पुसायचा द्रव कधीही मिसळू नका. ॲसिडने क्लोरीन वायू निघतो, अमोनियाने दुसरे विषारी वायू. एकाच मोरीत एकापाठोपाठ ओतणं म्हणजेही मिसळणंच. डोळे झोंबले, खोकला आला तर सगळं तिथेच टाकून बाहेर मोकळ्या हवेत या.

बुरा तीन फूट बाय तीन फुटांहून मोठ्या जागेत पसरला असेल तर स्वतः हात घालू नका, माणूस बोलवा.

टप्पा ५: वरून खाली

धूळ खाली पडते, म्हणून वरून सुरुवात. एवढं साधं असूनही अर्ध्या घरांत लादी आधी होते आणि पंखा नंतर.

क्रम: पंखा, माळ्याची कड, कपाटांचे माथे, ट्यूबलाइट, पडद्याचा दांडा, खिडकीची ग्रिल, टेबल, पलंगाची चौकट. पंख्याच्या पात्यावर जुना अभ्रा पिशवीसारखा चढवा आणि ओढून काढा. धूळ आतच राहते. बाकी सगळं ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने. पिसांचा झटकणा घरात असेल तर गाडी पुसायला द्या.

जळमटं काढताना कुंच्याला ओलं फडकं गुंडाळा. गालिचा असेल तर उचला, किनारपट्टीवर त्याला जागा नाही. जाड पडद्यांऐवजी धुता येतील असे पातळ सुती. पुस्तकं बंद कपाटात, आणि पाठीला बुरा असेल तर कोरड्या फडक्याने बाल्कनीत पुसून.

सगळं झालं की अर्धा तास थांबा. चहा घ्या. माइटची धूळ जड असते, वीस-तीस मिनिटांत खाली बसते. म्हणूनच हवा शुद्ध करणारी महागडी यंत्रं माइटसाठी फार काही करत नाहीत. मांजराच्या कोंड्यासाठी आणि बीजाणूंसाठी त्यांचा उपयोग जास्त.

टप्पा ६: लादी

कोरडी केरसुणी बंद. आमच्या मावशींना हे पटवायला मला पंधरा दिवस लागले. त्यांचं म्हणणं, "ताई, झाडल्याबिगर पुसलं तर चिखल होतो." बरोबरच होतं. तोडगा असा निघाला: फुलझाडूला ओलसर फडकं बांधून, पंखा बंद ठेवून, हळू ओढत केर गोळा करायचा, उडवायचा नाही. मग पुसायचं.

पुसताना फडकं इतकं पिळलेलं हवं की थेंब पडता कामा नये. दोन बादल्या ठेवा, एक साबणाच्या पाण्याची, एक खळबळायची. खोली बदलली की खळबळायचं पाणी बदला, नाहीतर हॉलची धूळ निजायच्या खोलीत जाते. फिनेलचा वास म्हणजे स्वच्छता नव्हे. दमेकऱ्याला तो वासच बाधतो.

तपासणी: पुसून पंखा लावल्यावर दहा मिनिटांनी अनवाणी चाला. पावलाचा ठसा उमटला तर पाणी जास्त झालं. आर्द्रतेचं यंत्र पाहा. पुसण्याआधीच्या आकड्यापेक्षा तो तासाभरानेही पाच-सात वर असेल तर पुढच्या वेळी फडकं आणखी पिळा.

पायपुसणं विसरू नका. ओलं पायपुसणं घरातली सगळ्यात घाण वस्तू असते. तीन ठेवा, आलटून-पालटून.

टप्पा ७: स्वयंपाकघर आणि झुरळं

थोडक्यात. झुरळांना पाणी आधी लागतं, अन्न नंतर. फ्रिजमागची पाणी साचायची ताटली, सिंकखालची गळती, रात्रभर भिजत पडलेली भांडी: हे तीन बंद करा. ट्रॉल्या बाहेर काढा. रुळांमध्ये चहाच्या भुकटीसारखे काळे कण दिसतील, ती त्यांची विष्ठा.

मारायला जेल. बिजागऱ्यांजवळ, फटींमध्ये मुगाएवढे ठिपके, मुलं-मांजरांच्या हाती लागणार नाहीत असे. जेल लावल्यावर त्याच जागी फवारा मारू नका. फवाऱ्याच्या वासाने झुरळं जेलकडे फिरकत नाहीत. एका पेस्ट कंट्रोलवाल्याने आमच्याकडे एकाच दिवशी दोन्ही केलं, पैसे दोन्हीचे घेतले आणि झुरळं शेजाऱ्यांकडून महिन्याभरात परत आली.

झुरळं कमी झाली म्हणजे काम संपलं असं नाही. ट्रॉल्या, ओट्याखालचा कोपरा, गॅसमागची भिंत साबणाच्या पाण्याने पुसून कोरडी करा. मेलेल्या झुरळांचा चुरा महिनोनमहिने त्रास देतो.

मांजर असेल तर निजायच्या खोलीचं दार तिला कायमचं बंद. घरातून मांजर गेलं तरी त्याचा अंश सोफ्यात कित्येक महिने राहतो, म्हणून पंधरा दिवस माहेरी पाठवून "फरक पडतो का" पाहणं व्यर्थ.

आठवड्याचं काम, आणि ऑक्टोबर

पावसाळ्यात दर आठवड्याला: चादरी-अभ्रे गरम पाण्यात, निजायच्या खोलीची ओली पुसणी वरून खाली, बाथरूमच्या कोपऱ्यांतलं पाणी वायपरने काढणं. पंधरवड्याला एसीची जाळी आणि कपाटांच्या मागे एक नजर. बाकी काही करू नका. रोज ओली सफाई करून घरातली ओल वाढवण्यापेक्षा हे बरं.

एवढं सगळं करून फरक आठवड्यात दिसत नाही. साठलेली धूळ हळूहळू कमी होते, दोन-तीन महिने धरून चाला. त्या काळात शिंका, रात्रीचा खोकला, इनहेलरचे फवारे एका वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. श्वास लागणं, छातीत शिट्टी वाजणं, बोलताना धाप लागणं असं झालं तर वही बाजूला ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा.

पाऊस मागे फिरला, ऊन कडक झालं की गाद्या पुन्हा गच्चीवर. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा परत लावा. दोन दिवसांनी तो दोन्ही बाजूंनी कोरडा निघाला तर रंगाऱ्याला फोन करा. थेंब दिसले तर आणखी पंधरा दिवस थांबा, दिवाळी जवळ आली असली तरी.